विद्वत्तेचे माप : प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या लेखनाच्या निमित्ताने

गतवर्षी आपल्या ज्ञातिमंडळाचा वार्षिक मेळावा मिरजोळे येथे भरला होता. गुणगौरवाच्या कार्यक्रमात प्रतिवर्षीप्रमाणे शालान्त परीक्षेपासून पदव्युत्तर परीक्षेपर्यंतच्या यशस्वी विद्यार्थ्यांची नावे वाचली गेली, आणि अखेरीस भाताच्या आनुवंशिकीवर संशोधन करून नुकतीच डॉक्टरेट मिळविलेल्या एका ज्ञातिकन्येचा सत्कार झाला. परिचय करून देणाऱ्या गृहस्थांनी तिचे प्रसिद्ध निबंध चार व त्यांची ‘सायटेशन्स’ एकोणीस, असे सांगितले. तेव्हा मागील रांगेतील एका वयोवृद्ध बंधूंनी “एकोणीस म्हणजे बरे की वाईट?” असा प्रश्न मोठ्याने विचारला. सभेत हशा पिकला. उत्तर मात्र कोणीच दिले नाही.

पुढे कार्यकारी मंडळापुढे अशी सूचना आली की, ज्ञातीतील संशोधकांसाठी ठेवावयाचे पारितोषिक ज्याची सायटेशन्स सर्वाधिक असतील त्यासच द्यावे, म्हणजे पक्षपाताचा आरोप राहणार नाही. ती सूचना अद्याप विचाराधीन आहे. आम्ही मंडळाचे एक सभासद आहोत, आणि आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही. यास्तव मत देण्यापूर्वी हा विषय मुळापासून समजून घेणे आम्हांस आवश्यक वाटले. त्या खटपटीत जे हाती लागले ते ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

सायटेशन म्हणजे दाखला. एका विद्वानाने आपल्या निबंधात दुसऱ्याच्या निबंधाचा नावनिशीवार उल्लेख केला की दुसऱ्याच्या खाती एक दाखला जमा होतो. ही रीत आपणांस नवी नाही. याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने असहाय, विश्वरूप, मेधातिथी यांची नावे घेतली आहेत, आणि त्यावरूनच मेधातिथी विज्ञानेश्वराच्या पूर्वीचा हे निश्चित होते. आपल्या जिल्ह्याचे भूषण महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात काही वर्षे शिक्षक होते. त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात पुरे केले. त्यांतील कालनिर्णयाचा मोठा भाग कोणी कोणाचा दाखला दिला आणि कोणी कोणाचा दिला नाही, याच धाग्यावर उभा आहे. मात्र काण्यांनी दाखले मोजले नाहीत, वाचले. मेधातिथीचे नाव किती वेळा आले यापेक्षा ते कोणत्या वादात, मान्य करण्यासाठी की खोडण्यासाठी आले, हे ते पाहत.

मोजण्याची रीत अमेरिकेतून आली. यूजीन गारफील्ड नावाच्या गृहस्थांनी १९५५ साली अशा सूचीची कल्पना मांडली आणि १९६४ पासून विज्ञानविषयक दाखल्यांची सूची त्यांच्या संस्थेतर्फे नियमित निघू लागली. मूळ हेतू असा की, एखाद्या निबंधाचा धागा पुढे कोणी कोणी उचलला हे शोधणाऱ्यास सापडावे. ग्रंथालयासाठी केलेल्या या सोयीचा पुढे माणसे जोखण्याचा तराजू झाला. २००५ साली हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच-निर्देशांक’ काढला. ज्याचे सात निबंध प्रत्येकी निदान सात वेळा उल्लेखिले गेले, व आठ निबंध आठ-आठ वेळा उल्लेखिले गेले नाहीत, त्याचा निर्देशांक सात. हिर्श यांनी त्याच वेळी सांगून ठेवले होते की निरनिराळ्या शास्त्रांतील आकडे एकमेकांशेजारी ठेवू नयेत. जीवशास्त्रात माणसे पुष्कळ, निबंध पुष्कळ, म्हणून दाखलेही पुष्कळ. गणितात सारेच थोडे. पण इशारा मागे राहतो आणि आकडा पुढे जातो, हा अनुभव आम्ही गुणपत्रके लिहिताना जन्मभर घेतला आहे.

असो. सत्कारानंतर चहाच्या वेळी आम्ही त्या कन्येस तिच्या कामाविषयी विचारले. तिने मोठ्या आस्थेने सांगितले की, भाताच्या बारा गुणसूत्रांच्या जोड्यांवर जनुकांचे अंतर मोजून नकाशा करावा लागतो. तो नकाशा करणाऱ्या संगणक-प्रणालीत एके ठिकाणी ‘हाल्डेन’ की ‘कोसंबी’ असे विचारले जाते, आणि ती नेहमी ‘कोसंबी’ निवडते. “हे कोसंबी कोण?” असे आम्ही विचारता ती म्हणाली, “कोणी जपानी असावेत, काका.” आम्ही थक्क झालो. आमच्या तरुणपणी अभ्यासवर्गांतून ज्यांचे प्राचीन भारतावरील पुस्तक हातोहात फिरे ते कोसंबी आम्हांस ठाऊक होते. भाताच्या नकाशातील कोसंबी ठाऊक नव्हते. तिला नकाशातील ठाऊक होते, इतिहासातील नव्हते. दोघे एकच, आणि तेही येथून दक्षिणेस काही तासांच्या अंतरावरील गोव्याचे! दाखल्यांच्या मोजदादीचे गूढ उकलावयाचे तर या एका माणसाच्या लेखनाइतके दुसरे साधन नाही, असे आम्हांस तेव्हाच वाटले.

येथे एक खुलासा करणे प्राप्त आहे. स्मरणिकेत ज्ञातीतील थोरांची चरित्रे छापण्याचा प्रघात आहे, आणि कोसंबी आपल्या ज्ञातीचे नव्हेत. संपादकांनी ही सवलत दिली याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. उलटपक्षी, ज्ञातिसंस्थेच्या अंकात आपल्यावर लेख येणे खुद्द कोसंबींना रुचले असते असेही नाही. जाती कशा बनल्या, टोळ्यांच्या जाती कशा झाल्या, हे त्यांनी इतक्या निष्ठुरपणे लिहिले आहे की आपल्यापैकी पुष्कळांस ते आजही झोंबेल.

दामोदर कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें येथे झाला. वडील आचार्य धर्मानंद हे पाली व बौद्ध वाङ्मयाचे प्रकांड पंडित. त्यांच्याबरोबर १९१८ साली मुलगा अमेरिकेस गेला आणि १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाचा उच्च श्रेणीचा पदवीधर होऊन परतला. पुढे काशी, अलीगढ, १९३३ पासून पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज, आणि नंतर डॉ. होमी भाभांच्या निमंत्रणावरून मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, असा त्यांचा अध्यापन-संशोधनाचा मार्ग. वास्तव्य मात्र पुण्यासच. डेक्कन क्वीनने मुंबईस जावे व परत यावे, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे ठेवला.

त्यांचा पहिला निबंध १९३० साली ग्रहकक्षांच्या गणितावर निघाला. पुढल्याच वर्षीचा एक निबंध मोठा गमतीचा आहे. अलीगढास त्या वेळी आंद्रे वेय हे तरुण फ्रेंच गणिती प्राध्यापक होते. कोसंबींचा एका सहकाऱ्याशी खटका उडाला होता. त्यास चकविण्यासाठी वेय यांनी सुचविले की, एका न ऐकलेल्या रशियन पंडिताच्या नावावर प्रमेय घालून निबंध लिहावा. कोसंबींनी ‘बूरबाकी’ नावाच्या, जगात नसलेल्या माणसाच्या प्रमेयाचा विस्तार केल्याचा निबंध लिहिला, आणि संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत तो १९३१ साली छापूनही आला. पुढे वेय आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी तेच नाव घेऊन सामुदायिक लेखन केले, आणि निकोला बूरबाकी हे नाव विसाव्या शतकातील गणितात गाजले. गणिताच्या वाङ्मयातील त्या नावाचा पहिला उल्लेख कोसंबींच्या या थट्टेतला. अस्तित्वातच नसलेल्या माणसास दाखला मिळू शकतो, हे आमच्या कार्यकारी मंडळाने ध्यानी घ्यावे.

थट्टा बाजूला ठेवली तर त्या दशकातील त्यांचे भूमितीचे काम अत्यंत भारदस्त होते. १९३३ साली जर्मनीच्या एका अग्रगण्य गणित-पत्रिकेत त्यांचा वक्रमार्गांच्या भूमितीवरील निबंध आला, आणि एली कार्तां या युरोपातील श्रेष्ठ गणित्याने त्यालाच जोडून आपली टिप्पणी प्रसिद्ध केली. पुढे चिनी गणिती चर्न यांची भर पडून या विचारास कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत असे नाव मिळाले. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मारक पारितोषिक लाभले. मात्र १९४३ सालच्या एका निबंधाचे भाग्य निराळे. अनिश्चित चढउतार असलेल्या वक्ररेषेचे साध्या, परस्परांत न मिसळणाऱ्या भागांत पृथक्करण कसे करावे हे त्यांनी भारतीय गणित परिषदेच्या पत्रिकेत मांडले. तीच गोष्ट फिनलंडचे कार्हुनेन यांनी १९४७ साली व फ्रान्समधील लोएव्ह यांनी १९४८ साली स्वतंत्रपणे मांडली. आज अभियंते, हवामानशास्त्रज्ञ, प्रतिमा-संस्करण करणारे सारे ही पद्धत वापरतात आणि बहुधा नाव घेतात ते त्या दोघांचे. अलीकडे कोठेकोठे कोसंबींचे नाव पुढे जोडले जाते, इतकेच. युद्धकाळातील हिंदी पत्रिका युरोपात कोणी वाचली नाही, याचे माप कोणत्या निर्देशांकात येते?

आता तो भाताच्या नकाशाचा निबंध. १९४४ चा दाखला देऊन सर्वत्र उल्लेखिला जाणारा हा निबंध लंडनहून निघणाऱ्या ‘अॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या पत्रिकेत आला. पृष्ठे अवघी चार! त्यातील विषय आम्हांस त्या कन्येने जसा समजावून दिला तसा सांगतो. आईबापांकडून मिळालेल्या गुणसूत्रांच्या जोडीत, पुढील पिढीसाठी बीज तयार होताना, तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके जितकी दूर तितकी त्यांची ताटातूट होण्याचा संभव अधिक. म्हणून शंभरांतून किती वेळा ताटातूट झाली हे मोजून त्यांतील अंतर काढतात. पण दोन जनुकांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्र येतात, आणि मोजणाऱ्यास काहीच घडले नाही असे भासते. म्हणजे मोजलेले अंतर खऱ्याहून कमी भरते. हाल्डेन यांनी १९१९ साली याची दुरुस्ती दिली; ती देताना प्रत्येक अदलाबदल दुसरीपासून स्वतंत्र घडते असे त्यांनी धरले होते. प्रत्यक्षात एके जागी अदलाबदल झाली की लगतच्या जागी ती बहुधा टळते. एका फांदीवर आंबा धरला की शेजारचा मोहोर गळावा, तसे काहीसे. कोसंबींनी हा अटकाव हिशेबात घेऊन नवे सूत्र दिले. शंभरांत वीस वेळा ताटातूट आढळली, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे साडेपंचवीस एकके येते आणि कोसंबींच्या सूत्राने सुमारे एकवीस. ज्या पिकांत असा अटकाव घडतो तेथे दुसरा आकडा सत्याच्या अधिक जवळ जातो.

ही चार पृष्ठे लिहिणारा माणूस जीवशास्त्रज्ञ नव्हता. आज भात, गहू, मका यांचे नकाशे करणाऱ्यांच्या निबंधांत ‘कोसंबी’ हा शब्द सरसहा येतो. पुष्कळदा साल व पत्रिका न देता नुसताच येतो. शब्द इतका रुळला की दाखला देण्याची गरज कोणास वाटत नाही. अर्थात तेवढे दाखले खात्यावर जमा होत नाहीत. रोज वापरातल्या आडकित्त्यास तो प्रथम कोणी घडविला हे कोण विचारतो?

ज्या काळात हा निबंध लिहिला गेला त्याच काळात कोसंबी नाणी तोलीत होते. चांदीच्या आहत नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, नुसत्या ठशांच्या खुणा. त्यांचा काळ ठरवावयाचा कसा? कोसंबींनी विचार केला की, टांकसाळीतून निघताना नाणी जवळजवळ एकाच वजनाची असणार; हातोहाती फिरताना ती झिजणार; जितकी वर्षे चलनात, तितकी झीज जास्त, आणि नाण्यानाण्यांतील वजनाचा फरकही तितका मोठा. हे खरे की नाही पाहण्यास त्यांनी आधी आपल्याच काळची, साल छापलेली, बाजारात फिरणारी नाणी तोलून पाहिली. मग तक्षशिलेच्या संग्रहांकडे वळले. तेथील भीर टेकडीत १९२४ साली सापडलेल्या हजारावर नाण्यांच्या साठ्यात अलेक्झांडरचेही नाणे असल्याने काळाचा एक टोकाचा खुंटा मिळत होता. सुमारे साडेतीन ग्रॅमचे एकेक नाणे तराजूत घालीत त्यांनी आयुष्यात काही हजार नाणी तोलली. मुक्या चांदीस अशा रीतीने त्यांनी कालक्रम सांगावयास लावले. हे निबंध काही ‘करंट सायन्स’मध्ये आले, काही प्राच्यविद्येच्या पत्रिकांत. नाणकशास्त्रज्ञांस त्यांतील गणित परके, गणित्यांस नाणी परकी. त्यांच्या पश्चात १९८१ साली ते एकत्र ग्रंथरूपाने निघाले तेव्हा कोठे अभ्यासकांस सलग वाचता आले.

भर्तृहरीच्या शतकांची त्यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती १९४८ साली सिंघी जैन ग्रंथमालेत निघाली. तीसाठी ३७७ हस्तलिखितांचा धांडोळा घेतला होता. कोणता श्लोक मूळचा, कोणता मागाहून शिरलेला, हे एकेका पोथीच्या साक्षीने ठरवावयाचे! अशा कामास वर्षे लागतात, आणि यादीत त्याची एकच ओळ होते. (ही आवृत्ती त्यांनी मार्क्स, एंगेल्स व लेनिन यांस अर्पण केली; वैराग्यशतकाची अशी अर्पणपत्रिका दुसरी नसावी.) पुढे वा. वि. गोखले यांच्यासह त्यांनी विद्याकराचा सुभाषितरत्नकोश संपादिला, तो १९५७ साली हार्वर्डच्या मालेत छापला गेला.

इतिहासातील त्यांच्या चार-पाच ग्रंथांचा वाचकांस परिचय आहे. १९५६ चा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा ग्रंथ, १९६२ चा मिथ्यकथांवरील, १९६५ चा प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील. आपणां कोकणवासीयांस त्यांतील गोव्याच्या जुन्या काबिजातींतील ग्रामसंस्थांवरचा लेख विशेष जवळचा वाटेल, कारण गावकी, गावकर, देवस्थान, खाजण हे शब्द आपल्याही घरचे आहेत. ब्राह्मणगोत्रांच्या उगमावर त्यांनी १९५० साली लिहिलेला निबंध लग्नाच्या बोलणीत गोत्र विचारणाऱ्या प्रत्येक घराने एकदा वाचावा. या ग्रंथांचे दाखले पुष्कळ निघतात, आणि त्यांतील मोठा वाटा त्यांचे म्हणणे न पटणाऱ्यांचा आहे. सरंजामशाही वरून आली की खालून वाढली, या त्यांच्या मांडणीवर इतिहासकारांच्या दोन पिढ्या वाद घालीत राहिल्या. मोजदादीत होकाराचा दाखला आणि नकाराचा दाखला सारखाच. तसेच, दाखले मोजणाऱ्या सूचीत येत ते प्रामुख्याने नियतकालिकांतील निबंध; ग्रंथांतील तळटिपा तीत बराच काळ आल्याच नाहीत, आणि इतिहासाचे अर्धे भांडण तर ग्रंथांतच चालते.

त्यांच्या लेखनात एक दुःखद पृष्ठही आहे, ते झाकणे योग्य नव्हे. रीमान यांचे गृहीतक हा १८५९ पासून आजवर न सुटलेला, मूळसंख्यांविषयीचा प्रश्न. १९५९ साली कोसंबींनी संभाव्यतेच्या मार्गाने तो सोडविल्याचा दावा भारतीय कृषिसांख्यिकी संस्थेच्या पत्रिकेत केला. सिद्धता सदोष ठरली. गणित्यांत त्यांच्या नावास मोठा धक्का बसला, आणि १९६२ साली टाटा संस्थेशी असलेला त्यांचा करार पुढे चालू राहिला नाही. या चुकीमुळे कित्येकांनी त्यांचे आधीचे गणितही संशयाने पाहिले. त्याच सुमारास त्यांनी काही गणिती निबंध ‘एस. ड्युक्रे’ या टोपणनावाने प्रसिद्ध केले. आपल्या खात्यावर जमा होऊ शकणारे दाखले माणूस आपण होऊन एका बनावट नावाच्या खाती टाकतो, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. २९ जून १९६६ रोजी पुण्यास, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवर्तले. २००८ साली भारतीय डाकखात्याने त्यांचे तिकीट काढले. त्यांचे निवडक गणिती निबंध एका ग्रंथात येण्यास मात्र २०१६ साल उजाडावे लागले. तोवर ते निरनिराळ्या देशांच्या पत्रिकांत विखुरलेले होते.

या साऱ्यात वडिलांचा विचार आल्यावाचून राहत नाही. धर्मानंदांनी बुद्धचरित्र व बुद्धविचार मराठीत आणले. त्यांचे ‘भगवान बुद्ध’ अनेक भाषांत गेले. त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र आमच्या शाळेच्या कपाटातील सर्वांत झिजलेल्या पुस्तकांपैकी एक होते. कोसंबींच्या नाण्यांच्या न्यायाने पाहता, जे अधिक झिजले ते अधिक फिरले. पण मराठी ग्रंथातील मराठी दाखला जागतिक सूचीत धरला जाणे जवळजवळ अशक्य. आचार्यांचा निर्देशांक काढावयास बसलो तर शून्याच्या आसपासच येईल.

आता पारितोषिकाच्या सूचनेविषयी. सूचना करणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे, हे आम्ही मान्य करतो. मागे एकदा पारितोषिकावरून घराघरांत अबोला धरला गेला होता, तो आम्हीही पाहिला आहे; आकड्यापुढे कोणाचे चालत नाही, हा त्याचा मोठा गुण. परंतु १९४४ साली मंडळाने कोसंबींस या नियमाने पारितोषिक द्यावयाचे ठरविले असते, तर चार पृष्ठांचा तो निबंध कोणाच्या दृष्टीसही पडला नसता. ‘एकोणीस म्हणजे बरे की वाईट’ या प्रश्नाचे उत्तर त्या कन्येने आम्हांस चहाच्या वेळी दिले होते, ते सभेत कोणी तिला विचारलेच नाही. त्या एकोणिसांपैकी सहा तिचे स्वतःचेच पुढील निबंधांतील, नऊ इतरांनी चालता चालता केलेले. उरलेले चार अशा लोकांचे, ज्यांनी तिचा नकाशा घेऊन खारजमिनीत टिकणाऱ्या भाताच्या वाणांवर पुढे काम केले. त्या चारांविषयी बोलताना तिचा चेहरा उजळला होता.

यास्तव आम्ही मंडळाकडे लेखी पर्यायी सूचना दिली आहे. उमेदवाराने आपल्या सर्व निबंधांची यादी न देता स्वतःस सर्वांत मोलाचा वाटणारा एकच निबंध द्यावा. त्यात काय केले, ते कोणाच्या कामी आले वा येईल, हे मेळाव्यात पंधरा मिनिटांत मराठीत सांगावे. आणि मागील रांगेतील बंधूंसही प्रश्न विचारण्याची मुभा असावी. निर्णय येत्या सर्वसाधारण सभेत व्हावयाचा आहे. त्या कन्येस आम्ही कोसंबींचा १९६२ चा ग्रंथ पाठविला. तिचे उत्तर आले की, गोव्याच्या खाजणांवरील प्रकरण तिने दोनदा वाचले, आणि प्रणालीतील ‘कोसंबी’ हा पर्याय निवडताना आता तिला त्या माणसाचा चष्मा दिसतो.